अल्सासच्या वाइन मार्गावर: काय खावं, काय प्यावं, कुठे आणि किती वाजता

फ्रान्समधला वाइनचा प्रदेश बघायचा म्हटलं की बोर्दो आणि शांपेन ही नावं आधी निघतात. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी मात्र अल्सास सुचवते. ऱ्हाइन नदी आणि वोज डोंगररांग यांच्यामधली ही अरुंद पट्टी. पश्चिमेकडून येणारे ढग वोज डोंगर अडवतो, म्हणून कोलमार हे फ्रान्समधल्या सगळ्यात कमी पावसाच्या शहरांपैकी एक आहे आणि उतारावरची द्राक्षं शरद ऋतूत निवांत पिकतात. मार्लेनहाइमपासून थानपर्यंत साधारण 170 किलोमीटरचा वाइन मार्ग 1953 मध्ये आखला गेला. त्यावरची गावं इतकी जवळजवळ आहेत की एका गावच्या वेशीतून पुढच्या गावचा चर्चचा मनोरा दिसतो. वाइन बनवणारं घर, ती पाजणारी खाणावळ आणि तिच्याबरोबर खायचा पदार्थ हे सगळं बऱ्याचदा एकाच गल्लीत सापडतं.

बेत आखताना बहुतेक जण गावांची यादी करतात, हॉटेल ठरवतात आणि जेवणाचं तिथे गेल्यावर बघू म्हणतात. इथे हे चालत नाही. दुपारी दोनला स्वयंपाकघर बंद झालं की झालं. म्हणून माझा सल्ला असा: रोजचं मुख्य जेवण कुठे आणि किती वाजता हे आधी पक्कं करा, मग त्याच्या आसपास चालता येईल अशी वाइनची तळघरं निवडा. गावं बघणं त्यात आपोआप होतं.

मुक्काम कोलमारमध्ये

स्ट्रासबर्ग मोठं आणि सुंदर आहे, पण द्राक्षमळे तिथून दूर पडतात. वाइनसाठी आला असाल तर कोलमारमध्ये राहा. पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकावरून वेगवान गाडी अडीच तासांच्या आत कोलमारला पोचते, स्ट्रासबर्गहून लोकल गाडीला अर्धा तास लागतो, आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलहूनही थेट गाड्या आहेत. स्टेशनजवळ किंवा जुन्या शहराच्या कडेला खोली घेतली की गाडी भाड्याने घ्यायची गरज उरत नाही.

गाडी न घेण्याचं कारण निव्वळ पैशाचं नाही. फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे 0.5 ग्रॅम आहे आणि नवख्या चालकांना फक्त 0.2. दोन ठिकाणी चाखणी करून जेवताना एक ग्लास घेतला की पहिली मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. सायकलवाल्यांनाही दारू पिऊन चालवल्याचा दंड होतो. त्यामुळे लोकल गाडी, प्रादेशिक बस आणि आपले पाय हेच खरं. लहान गावांकडे जाणाऱ्या बस रविवारी आणि सुटीच्या दिवशी फार तुरळक असतात. परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते सकाळी निघतानाच बघून ठेवा.

घड्याळ सांभाळा

दुपारचं जेवण बारा ते दोन. रात्रीचं सात ते नऊ, फार तर साडेनऊ. दीड वाजून गेल्यावर आत शिरलात तर चेहरे त्रासिक होतात. वाइनची घरगुती तळघरंही बारा ते दोन बंद असतात, कारण मालक स्वतः जेवायला बसलेले असतात. रविवारी अनेक छोटी घरं बंद असतात किंवा फक्त सकाळी उघडतात. खाणावळी आठवड्यातले दोन दिवस बंद ठेवण्याची पद्धत आहे, बहुतेकदा सोमवार, मंगळवार किंवा बुधवार. प्रत्येकीचे दिवस वेगळे. जानेवारी-फेब्रुवारीत तर अर्धं गाव झोपलेलं असतं.

म्हणून दिवसाचा साचा असा ठेवा. सकाळी दहा-साडेदहाला एक चाखणी, साडेबाराला व्यवस्थित जेवण, मग चालणं, साडेतीन-चारला दुसरी चाखणी, आणि रात्री हलकं खाणं. दिवसाला दोनच चाखण्या. तिसरीपासून जिभेला फरक कळेनासा होतो आणि चांगली वाइन वाया जाते.

बाटलीवर काय वाचायचं

इथे लेबल वाचणं सोपं आहे. बोर्दोच्या बाटलीवर जागेचं नाव असतं, अल्सासच्या बाटलीवर बहुधा द्राक्षाचं. नावं सात लक्षात ठेवा: सिल्व्हानेर, पिनो ब्लाँ, म्युस्का, रीझलिंग, पिनो ग्री, गेवुर्त्सट्रामिनर आणि लालसाठी पिनो नुआर. फेसाळ वाइनला क्रेमाँ म्हणतात. शांपेनसारखाच तिचा फेस बाटलीतच तयार होतो आणि किंमत बरीच कमी असते. सगळ्यात स्वस्त ते एडेलझ्विकर, म्हणजे अनेक द्राक्षांचं मिश्रण. खाणावळीत ते मातीच्या जारमधून पाव किंवा अर्धा लिटर मिळतं आणि रोजच्या जेवणाबरोबर अगदी योग्य वाटतं.

‘ग्राँ क्रू’ म्हणजे नाव मिळवलेला विशिष्ट उतार. असे 51 उतार आहेत. आणखी एक गोष्ट बघाच: गोडवा. रीझलिंग बहुधा कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली असते, पण पिनो ग्री आणि गेवुर्त्सट्रामिनर कधी कोरडी, कधी चांगलीच गोड निघते. हल्ली लेबलवर ‘सेक’ म्हणजे कोरडी, ‘दमी-सेक’ म्हणजे अर्धी कोरडी, ‘म्वालो’ म्हणजे गोडसर आणि ‘दू’ म्हणजे गोड, असा उल्लेख असतो. ‘व्हाँदांज तार्दिव्ह’ लिहिलेली वाइन उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, महाग आणि बहुधा गोड असते. ती जेवणाबरोबर मागवू नका. शेवटी छोटा ग्लास घ्या.

नाशिकच्या वाइनरींमध्ये शेनाँ ब्लाँ किंवा सोव्हिन्याँ ब्लाँ प्यायची सवय असेल, तर इथली कोरडी रीझलिंग पहिल्या घोटाला फार आंबट वाटेल. तिच्याबरोबर काही खाल्ल्याशिवाय मत बनवू नका. तो आंबटपणा इथल्या तुपकट, खारट जेवणासाठीच आहे.

तळघरातली चाखणी

दारावर ‘देग्युस्तासिओं’ किंवा ‘काव्ह’ अशी पाटी असते. आत शिरताच मोठ्याने ‘बोंझूर’ म्हणा. हे न म्हणता बाटल्या न्याहाळायला लागणं उद्धटपणाचं समजतात. मोठी घरं आणि सहकारी संस्थांची दुकानं पूर्वसूचनेशिवाय चालतात. घरगुती उत्पादकाकडे आदल्या दिवशी फोन किंवा ईमेल करून वेळ घ्या, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी चालू असताना त्यांना वेळ नसेल हे गृहीत धरा.

नाशिकमध्ये चाखणीचं तिकीट काढायची सवय असते. अल्सासमध्ये अजून अनेक घरं साधी चाखणी फुकट देतात, काही आता शुल्क घेतात. फुकट असेल तिथे निदान एक-दोन बाटल्या विकत घ्याव्यात, ही रीत आहे. चाखायचा क्रम हलक्याकडून जडाकडे: क्रेमाँ, सिल्व्हानेर किंवा पिनो ब्लाँ, म्युस्का, रीझलिंग, पिनो ग्री, गेवुर्त्सट्रामिनर. गेवुर्त्सट्रामिनरला गुलाब आणि लिचीचा इतका दणदणीत वास असतो की तिच्यानंतर रीझलिंग पाण्यासारखी लागते. काउंटरवर थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात कुणालाही काही गैर वाटत नाही. सकाळच्या चाखणीत तर वापराच.

कुठे जावं? रिकवीरमध्ये ह्यूगेल घराण्याचं दुकान गावातच आहे. हे घराणं 1639 पासून वाइनमध्ये आहे आणि त्यांच्याकडचं 1715 सालचं लाकडी पिंप अजून वापरात आहे. रिबोव्हिलेत ट्रिम्बाख, 1626 पासूनचं. कोरडी रीझलिंग म्हणजे काय ते इथे कळतं. त्यांची ‘क्लो सेंत ह्यून’ ही रीझलिंग जगप्रसिद्ध आणि तितकीच महाग. ती सोडा आणि साधी रीझलिंग घ्या, तिच्यातही घराण्याचा बाज पुरेपूर आहे. त्याच गावातली 1895 सालची सहकारी वाइनरी फ्रान्समधली सगळ्यात जुनी मानली जाते आणि अनेक ग्राँ क्रू शेजारी शेजारी चाखायला उत्तम जागा आहे. एगिसाइममध्ये व्होल्फबेर्गेर ही 1902 ची मोठी सहकारी संस्था. कायसेर्सबेर्गजवळ जुन्या कापुचिन मठाच्या आवारात डोमेन वाइनबाख आहे, फालेर कुटुंबाचं. तिथे वेळ ठरवून जा. आणि एकच चाखणी परवडणार असेल तर माझं मत: नावाजलेल्या घराऐवजी ज्या गावात जेवणार आहात तिथल्याच एखाद्या कुटुंबाचं दार ठोठावा. मालक स्वतः ओततो आणि खिडकीतून उतार दाखवून सांगतो की ही बाटली त्या तिथली.

विन्श्टुबमध्ये काय मागवायचं

विन्श्टुब म्हणजे अल्सासची खास खाणावळ: बुटकं छत, लाकडी भिंती, चौकटीचे टेबलक्लॉथ, हिरव्या दांड्याचे ग्लास. काही पाट्यांवर ‘विस्टुब’ असंही लिहिलेलं दिसेल. कोलमारच्या कालव्याजवळ विस्टुब ब्रेनेर आहे, स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलजवळ 1873 पासूनचं शे इव्होन आहे, मितेलबेर्गहाइममध्ये विन्श्टुब गिल्ग. कायसेर्सबेर्गमध्ये ल शांबार या महागड्या हॉटेलाचंही वेगळं विन्श्टुब आहे. तिथे मुख्य रेस्टॉरंटच्या मानाने बिल बरंच सुसह्य येतं. सगळीकडे जागा आधी राखून ठेवा. शनिवारी रात्री तर राखल्याशिवाय जाऊच नका.

शुक्रूत हा इथला सगळ्यात ओळखीचा पदार्थ: आंबवलेली बारीक चिरलेली कोबी वाइनमध्ये शिजवलेली, वर सॉसेज आणि डुकराच्या मांसाचे तुकडे, बाजूला बटाटे. एक ताट दोघांना पुरतं. बरोबर रीझलिंग. बेकेऑफ त्याहून मऊ: गाय, डुक्कर आणि मेंढीचं मांस पांढऱ्या वाइनमध्ये रात्रभर मुरवून बटाट्या-कांद्याबरोबर मातीच्या झाकणबंद भांड्यात तासन्‌तास भाजलेलं. अनेक ठिकाणी ते आदल्या दिवशी सांगावं लागतं. गाय-डुक्कर खात नसाल तर कॉक ओ रीझलिंग, म्हणजे वाइन आणि क्रीममधला कोंबडा, बरोबर श्पेट्झल नावाच्या अंड्याच्या छोट्या शेवया. मराठी मांसाहारी माणसाला पहिल्या दिवशी रुचणारा पदार्थ हाच.

आणि तार्त फ्लाँबे. इथल्या बोलीत फ्लामेकुएश. लाटलेल्या पातळ कणकेवर ताजं चीज आणि क्रीम, कच्चा कांदा, डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे, आणि लाकडाच्या भट्टीत काही मिनिटं. पूर्वी पाव भाजण्याआधी भट्टीची धग तपासायला शेतकरी ती करत. अनेक जागी भट्टी फक्त संध्याकाळी पेटते, म्हणून हे रात्रीचं खाणं समजा. सगळ्यांनी आपापली एक मागवू नका. टेबलासाठी एक मागवा, वाटून हाताने गुंडाळून खा, संपत आली की दुसरी सांगा. गार झालेली तार्त फ्लाँबे चामड्यासारखी होते. एकीला साधारण 10 ते 15 युरो पडतात आणि पिनो ब्लाँ किंवा सिल्व्हानेरचा जार तिच्याबरोबर मस्त जातो.

म्युन्स्तर चीजचा वास पाहून मागे सरू नका. शहाजिऱ्यासारख्या दाण्यांबरोबर ते वाढतात. तोंडात ते वासाच्या मानाने सौम्य असतं, आणि त्याच्याबरोबर गेवुर्त्सट्रामिनर घेतली की दोन्ही तीव्र वास एकमेकांना सांभाळून घेतात. संपूर्ण प्रवासातली हीच जोडी मी सगळ्यात वर ठेवीन.

दुपारी ‘प्ला द्यु झूर’ म्हणजे त्या दिवशीचा पदार्थ बघा. फळ्यावर खडूने लिहिलेला असतो आणि रात्रीच्या मानाने स्वस्त पडतो. पाण्याची बाटली मागवू नका, ‘युन काराफ दो’ म्हणा. नळाचं पाणी आणि पाव फुकट असतो. सेवाशुल्क बिलातच धरलेलं असतं, जेवण आवडलं तर वर एक-दोन युरो ठेवले तरी पुरे.

शाकाहारी असाल तर

हा भाग सविस्तर लिहायला हवा, कारण इथे भाजीसारखं दिसणाऱ्या पदार्थातही डुक्कर असतं. शुक्रूतमधलं मांस काढून टाकलं तरी कोबी बहुतेकदा डुकराच्या किंवा हंसाच्या चरबीत शिजवलेली असते. कांद्याच्या तार्तमध्ये ‘लार्दों’ म्हणजे चरबीचे तुकडे असतात. भाजलेल्या बटाट्यांतही. खारा कुगलॉफ (केकसारखा उंच, गोल पाव) घेतलात तर त्यातही. म्हणून दोन वाक्यं पाठ करा: ‘झ्य सुई व्हेजेतारियाँ’ (स्त्रिया ‘व्हेजेतारियेन’), आणि ‘साँ लार्दों, सिल्व्हूप्ले’. मासे चालतात असा समज होऊ नये म्हणून ‘नी व्हियाँद, नी प्वासों’ हेही जोडा.

तार्त फ्लाँबे लार्दोंशिवाय करून देतात, मशरूमची ‘फोरेस्तिएर’ही लार्दोंशिवाय सांगता येते, आणि सफरचंदाची गोड तार्त फ्लाँबे तर बहुतेक यादीत असतेच. ‘बिबेलेस्केस’ हा मात्र खरा शोध आहे: लसूण-कांदापात घातलेलं ताजं मऊ चीज आणि बरोबर गरम बटाटे. आपल्या चक्क्याच्या अगदी जवळचं लागतं. फक्त बटाटे लार्दोंशिवाय सांगा. मशरूम-क्रीममधले श्पेट्झलही मिळतात, त्यात अंडं असतं. वसंतात पांढरा शतावरीचा कोंब येतो, एप्रिल ते जून. तो अंडं-लोण्याच्या होलांदेझ सॉसबरोबर आणि कोरड्या म्युस्काबरोबर घ्या, मात्र हॅमशिवाय सांगून. कडक शाकाहारींनी हे लक्षात ठेवावं की म्युन्स्तरसारख्या पारंपरिक चीजमध्ये प्राण्यांच्या पोटातून काढलेलं, दूध साकळवणारं रेनेट असतं. जैन किंवा वीगन असाल तर विन्श्टुबवर अवलंबून राहू नका. सकाळी बाजारातून पाव, फळं, अक्रोड आणि भाजी घेऊन द्राक्षमळ्यातल्या बाकावर जेवा. ते जेवण कुठल्याही अर्थाने कमी नाही.

पायी करायचे दोन दिवस

पहिला दिवस: कोलमारहून म्युन्स्तर खोऱ्यात जाणाऱ्या छोट्या लोकल गाडीने त्युर्कहाइमला उतरा. वेशीतून आत जाऊन गावात सकाळची चाखणी करा. मागचा उतार म्हणजे ब्रांड हा ग्राँ क्रू. तिथून द्राक्षमळ्यांतल्या वाटेने निडरमोर्शवीर दोनेक किलोमीटर. हे गाव सोमेरबेर्ग या तीव्र उताराच्या पायथ्याशी आहे. काव्हो मोराकोफमध्ये दुपारचं जेवण राखून ठेवा. क्रिस्तिन फेर्बेर यांचं जगभर नाव असलेलं मुरंब्यांचं दुकान याच गावात आहे आणि गावचं किराणा दुकानही तेच. क्वेत्च आलुबुखाराचा मुरंबा घ्या. परतताना वेळ असेल तर त्याच गाडीने पुढे गुन्सबाखला जाऊन चीजघर बघता येतं.

दुसरा दिवस: बसने रिकवीरला सकाळी लवकर. अकरानंतर तिथे गर्दीत चालता येत नाही. चाखणी उरकून ह्यूनावीरची वाट धरा, द्राक्षांच्या मधोमध तटबंदी असलेलं जुनं चर्च लागेल. तिथून पुढे रिबोव्हिले. सगळं मिळून साधारण पाच किलोमीटर, चढ सौम्य. जेवण रिबोव्हिलेतच ठेवा, रिकवीरच्या मुख्य रस्त्यावर नको. तिथे सहा भाषांतल्या चित्रमय मेन्यूंवर पाहुणे एकदाच येतात, आणि स्वयंपाक त्याच हिशेबाने होतो. तोडणीच्या दिवसांत मळ्यांतल्या वाटा बंद असू शकतात, तेव्हा बस.

स्ट्रासबर्गसाठी अर्धा दिवस काढलात तर सरकारी रुग्णालयाच्या तळघरात जा. 1395 पासून तिथे वाइन साठवतात. तिथल्या एका पिंपात 1472 सालची पांढरी वाइन आहे, जी आजवर फक्त तीनदा चाखायला दिली गेली: 1576 मध्ये, 1718 मध्ये आणि 1944 मध्ये शहर मुक्त करणाऱ्या जनरल लक्लेर्कना. त्याच तळघरात मुरवलेल्या आजच्या बाटल्या विकायला असतात.

एखादी मोठी मेजवानी करायचीच असेल तर इलहाउझर्नचं ओबेर्ज द लिल. एबेर्लँ कुटुंबाच्या या रेस्टॉरंटकडे 1967 पासून 2019 पर्यंत मिशलँ (मिशेलिन) या खाद्यमार्गदर्शिकेचे तीन तारे होते, आता दोन आहेत. दुपारचं जेवण घ्या, म्हणजे नदीकाठची बाग उजेडात दिसते. पण खर्च मोठा आहे आणि अल्सास समजण्यासाठी तो आवश्यक नाही.

बाजार, बेकरी, ऋतू

कोलमारचं छपराखालचं मार्केट 1865 मधलं. चीज, पाव, फळं घ्यायला आणि काउंटरवर उभ्याने एक ग्लास प्यायला तिथे जा. ओबेर्नेचा आठवडी बाजार गुरुवारी. बेकरीत गोड कुगलॉफ घ्या, बदाम-मनुक्यांचा. सकाळी कॉफीबरोबर किंवा संध्याकाळी क्रेमाँबरोबर.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ. तेव्हा अजून फेसाळत असलेली गढूळ नवी वाइन मिळते, अक्रोड आणि पावाबरोबर. ती गोड लागते पण पोटात आंबतच राहते, तेव्हा एका ग्लासावर थांबा, आणि घट्ट बूच लावलेल्या बाटलीत कधीही घेऊन जाऊ नका. डिसेंबरमध्ये नाताळ बाजारासाठी जाणार असाल तर इथली गरम वाइन लालऐवजी पांढरी मागा, आणि कपाची अनामत परत घ्यायला विसरू नका. गर्दी मात्र प्रचंड असते, खाणावळी कितीतरी आठवडे आधी भरतात.

बाटल्या घरी आणताना

भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि वर अर्धा लिटर. अल्सासची बाटली उंच आणि निमुळती असते, नेहमीच्या वाइन-पिशवीत बसत नाही. उत्पादकाकडेच तिच्या मापाचं पुठ्ठ्याचं वेष्टन मागा. चेक-इनच्या बॅगेत मधोमध, चारी बाजूंनी कपडे. दोन बाटल्यांत निवड करायची तर एक कोरडी ग्राँ क्रू रीझलिंग घ्या, जी आपल्याकडच्या उकाड्यातही फ्रिजमध्ये आडवी ठेवून वर्षभर सहज राहील, आणि दुसरी किंचित गोडसर गेवुर्त्सट्रामिनर. आलं-लसणाच्या वाटणातल्या तिखट कोळंबीबरोबर ती थंडगार उघडा. गोडवा तिखटाला धरून ठेवतो, आणि कोरडी रीझलिंग अशा रश्श्यासमोर उगाच कडवट लागते, म्हणून ती तळलेल्या बांगड्यासाठी राखा.